दादा फोन उघडून देतात

साऱ्या शहादा तालुक्यात मेलेल्या माणसाची परवानगी घेतल्याशिवाय हत्याराला हात न लावणारा कारागीर एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. म्हसावदला त्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. पाण्याची मोटार जळाली की तिच्या पोटातली तांब्याची तार कापून काढायची आणि तितकेच आटे, म्हणजे वेढे, देऊन नवी तार बसवायची, याला आमच्याकडे मोटार भरणं म्हणतात. केळी आणि उसाच्या मुलखात हा धंदा बारमाही. उन्हाळ्यात तर दुकानासमोर मोटारींची रांग लागते आणि मालक मंडळी सावली धरून बसतात, कारण केळीला चार दिवस पाणी चुकलं तर बाग बसलीच म्हणून समजा. अशा गर्दीतही साडू कटर खाली ठेवायचे, फोन उचलायचे, आणि आतल्या खोलीत भिंतीवरच्या एका फोटोसमोर जाऊन उभे राहायचे. नवीन गिऱ्हाईक घाबरायचं. जुनं गिऱ्हाईक त्याला आमच्या अहिराणीत सांगायचं, "बठ, दादाले इचारी ऱ्हायनात," म्हणजे बस, दादांना विचारताहेत.

पण आधी साडूंचं आणि फोनचं एकूण वैर सांगायला हवं, नाहीतर पुढचं पटणार नाही. साडूंचा ठाम विश्वास आहे की जी वस्तू उघडता येत नाही ती आपल्या घरात परक्यासारखी राहते आणि आपल्यावर नजर ठेवते. हल्लीच्या फोनला वरून खालपर्यंत हात फिरवून ते स्क्रू शोधतात, सापडत नाही, आणि मग तो दोन बोटांच्या चिमटीत धरून मला दाखवतात. "ज्याले इस्क्रू नही ती वस्तू आपली नही, साडूभाऊ. कंपनीनीच शे. आपलाकडे नुसती राहाले येल शे." मुलीने त्यांना काचेच्या पाठीचा एक झकास फोन आणून दिला होता. तो पहिल्याच आठवड्यात तीनदा खिशातून निसटला. "आधी साबननी वडीसारखा गुळगुळीत करतस, मंग न निसटाकरता रबरनं झबलं इकतस," असं म्हणून त्यांनी त्याला मोटारीच्या इन्सुलेशनची पट्टी गुंडाळली. फोन गरम व्हायला लागला म्हणून ती पट्टी काढली, तर पाठीची काचही तिच्याबरोबर आली. एवढं होऊनही आतलं काहीच दिसलं नाही, काचेखाली आणखी एक झाकण होतं, याचा त्यांना फार राग आला.

मी नंदुरबारला मास्तर आहे. शाळेचा लॅपटॉप मी एकदा त्यांच्याकडे नेला, ती माझीच चूक. त्यांनी तो उलटा केला, बुडाला असलेल्या जाळीवर हात धरून वारा कुठून कुठे जातो ते पाहिलं आणि म्हणाले, "हवा घेवानं तोंड खाले, नि नाव लॅपटॉप. मांडीवर ठेवं का हाऊ गुदमरस." मग खोडायच्या बटणाला खेटून बंद करायचं बटण बसवलेलं त्यांना दिसलं. नको असलेलं अक्षर खोडायला त्यांनी बोट नेलं आणि माझ्या वर्गाची अर्धी भरलेली गुणपत्रिका काळ्या पडद्यामागे गेली. ते जराही खजील झाले नाहीत. "आमना स्टार्टरवर लाल नि हिरवं बटन एकच रंगनं करं तं मानसे मरतीन. आठे कोनी मरत नही म्हनीसन चालस." मी गुणपत्रिका पुन्हा भरत बसलो आणि ते माझ्या शेजारी चहा पीत कंपनीला नावं ठेवत राहिले.

सगळ्यात मोठी अडचण त्यांच्या अंगठ्याची. तीस वर्षं तार ओढून आणि वार्निशमध्ये हात घालून त्यांच्या बोटांवरच्या रेघा पार गेल्या आहेत. रेशनचं यंत्र त्यांना ओळखत नाही, फोन तर नाहीच नाही. अंगठा टेकवला की फोन थरथरतो आणि 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणतो. ते पुन्हा प्रयत्न करायचे. चारचौघांत, भर दुपारी, एक सज्जन माणूस स्वतःच्याच फोनला आपण आपणच आहोत हे सांगतो आहे आणि फोन ऐकत नाही, हे पाहून मला हसू यायचं, पण नंतर नंतर येईना. शेवटी त्यांनी तो फोन मुलीला परत दिला आणि नखाने झाकण उघडतं असा जुना बटणांचा फोन घेतला. आजही ते तोच वापरतात. दिवसातून एकदा त्याची बॅटरी काढून पुसून परत घालतात, त्याने त्यांना बरं वाटतं.

आता दादांबद्दल. दादा म्हणजे साडूंचे थोरले भाऊ. दुकान दोघांचं. मोटार भरण्यात त्यांचा एक रिवाज होता: मोजणारा वेगळा, भरणारा वेगळा. जळालेली तार कापण्याआधी दादा आटे मोजायचे, तारेचा नंबर पाहायचे, आणि साडू भरायचे. भरणाऱ्याने मोजलं तर त्याचं मन तारेकडे जातं आणि आकडा चुकतो, असं त्यांचे वडील सांगून गेलेले. आटे चुकले की मोटार आठवड्यात पुन्हा जळते. आधी हे सगळं वहीत असे. पण वहीला वार्निश लागून पानं चिकटायची, म्हणून दादा शेवटची सहा-सात वर्षं फोनमध्ये बोलून ठेवू लागले. प्रत्येक मोटारीचं वेगळं बोलणं, वर मालकाचं नाव. जळून गोळा झालेल्या तारेतून आकडा नीट निघत नाही, म्हणून तीच मोटार पुन्हा आली की दादांचं जुनं बोलणं ऐकायचं. बोटं दादांचीही तशीच गुळगुळीत, म्हणून शहाद्याच्या मोबाईलवाल्याने त्यांना चेहरा दाखवून उघडायचं कुलूप लावून दिलं. त्याच्या जोडीला चार आकडे असतात, ते दादांनी कोणालाच सांगितले नाहीत. चार वर्षांपूर्वी, दुपारी जेवून हात धुताना ते ओसरीवर बसले ते बसलेच. फोन दुकानात चार्जिंगला लावलेला होता.

दादा गेल्यावर चार महिन्यांनी मी म्हसावदला गेलो. दुपारचे दोन वाजले असतील. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, दुकानाचा एक दरवाजा लोटलेला होता. मी पायरीवर पाय ठेवला आणि आतून दादांचा आवाज आला. "बसस्टँडमांगला मळा. साडेसातनी मोटर. चोवीस खाचा. आटे चोपन्न. तार एकोणीस नंबर. हाऊ मानूस फ्यूजमा जाडी तार टाकस, त्याले सांगजो." आणि मग साडूंचा आवाज: "हा, दादा." माझा दुसरा पाय रस्त्यावरच राहिला. आत गेलो तर साडू खाली मान घालून तार ओढत होते आणि त्यांच्यासमोर लाकडी ठोकळ्याला टेकवून तो फोन उभा होता. त्यांनी मला बस म्हटलं, पाणी दिलं, आणि फोनकडे हात करून, पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसं म्हणाले, "दादा सांगी ऱ्हायनात."

फोन उघडला कसा, ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं. दहाव्याच्या दिवशी फ्रेम करून आणलेला फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता. फोन वाजला, कोणाचा ते पाहायला साडूंनी तो उजेडात वर धरला, वाजायचा थांबला म्हणून खाली घेतला, तर कुलूप उघडलेलं. खाली घेताना पडदा फोटोकडे वळला होता. "मी काहीच करं नही, साडूभाऊ," ते हळू आवाजात म्हणाले. "दादानी उघाडी दिना." मोबाईलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, या जुन्या मॉडेलची नजर कच्ची आहे, फोटोलाही फसते. साडूंनी ते ऐकून घेतलं. ज्या फोनला जिवंत माणसाचा अंगठा कळत नाही त्याला मेलेल्या माणसाचा चेहरा कळतो, यात फसण्यासारखं काय आहे, हे त्यांना समजलं नाही. खरं सांगायचं तर मलाही समजलं नाही.

तेव्हापासून तो रिवाजच झाला. फोटोवरचा हार हनुवटीच्या खाली आला, कारण कानांवर आला की फोन उघडत नसे. दसऱ्याला आक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीने, काचेवर कपाळाच्या जागी कुंकू लावलं, तर दोन दिवस फोन हटून बसला. साडूंनी ओल्या कपड्याने कुंकू पुसलं आणि दादांची क्षमा मागितली, आणि मग उघडला. ऊन कललं की काचेवर खिडकीची तिरीप यायची, मग दादा काही केल्या उघडत नसत. म्हणून संध्याकाळी जुनी मोटार घेऊन आलेल्या माणसाला साडू सकाळी यायला सांगायचे. का, असं विचारलं तर "आते दादा बोलनार नहीत" एवढंच सांगायचे, आणि आलेला माणूस मुकाट्याने परत फिरायचा. दादांनी कधी न मोजलेली मोटार आली तर तिला ते हातच लावत नसत, सरळ शहाद्याचा रस्ता दाखवायचे. आक्का मला म्हणाल्या, "घरमा दोन देवघरे शेतस. एकमा मी दिवा लावस, एकमा ह्या चार्जर लावतस."

चार्जरचं कारण खरं होतं. मोबाईलवाल्याने बजावलं होतं की फोन चालू आहे तोवर चेहरा पुरेल, पण एकदा का बंद पडून पुन्हा सुरू झाला की तो आधी चार आकडेच मागेल. आकडे तर दादांबरोबर गेलेले. म्हणजे हा फोन एकदासुद्धा बंद पडता कामा नये. तीन वर्षं साडूंनी तो पडू दिला नाही. वीज गेली की खिशात दोन पॉवर बँक, लग्नाला गेले तर फोन पिशवीत आणि पिशवी मांडीवर. काठी गावच्या होळीला आम्ही सगळे गेलो होतो, ढोलांच्या त्या गजरात हा माणूस दर अर्ध्या तासाने पिशवीत डोकावून एखाद्या आजाऱ्याची नाडी पाहावी तसं पाहत होता. मी वैतागून म्हणालो, "साडूभाऊ, पाच मिनिटांचं काम शे. सगळं दुसऱ्या फोनमा कॉपी करी ल्या, नि सुखे झोपा." त्यांनी पिशवी आणखी जवळ ओढली. मग म्हणाले, "एकदाव कॉपी कयी का मंग हाऊ बंद पडना तरी चाली. दादा बंद पडना तरी चाली, आसं मन्हा तोंडे म्हनाडू नका." त्यानंतर मी तो विषय त्यांच्यासमोर काढला नाही.

समोर काढला नाही, पण मी गप्पही बसलो नाही. पोळ्याच्या आसपास एकदा साडू मोटार बसवायला शेतात गेले आणि फोन माझ्या हवाली करून गेले, "नजर ठेवा" म्हणून. मी माझा लॅपटॉप काढला, तर फोनची तार लॅपटॉपच्या भोकात जाईना. एवढ्या मोठ्या यंत्राला दोनच बारीक भोकं ठेवणाऱ्याला त्या दिवशी मी साडूंच्या भाषेत नावं ठेवली. मग माझा स्वतःचा फोन काढला, एकातून दुसऱ्यात पाठवू म्हणून. पण दादांचं कुलूप होतंच. आतल्या खोलीत गेलो. घरात कोणी नव्हतं, कुठेतरी लांब पिठाची गिरणी चालू होती. मी फोन फोटोसमोर धरला आणि मनात म्हणालो, हा काही माझ्यासाठी उघडणार नाही. उघडला. दादा फोटोत नेहमीसारखेच पाहत होते, म्हणजे थेट माझ्याकडे. तीनेकशे बोलणी माझ्या फोनात यायला वीस मिनिटं लागली आणि तेवढा वेळ मी भिंतीकडे पाठ करून उभा होतो, पण पाठ करून उभं राहणं जास्त वाईट, हे माझ्या लवकरच लक्षात आलं. साडू परत आले तेव्हा मी फोन जागेवर ठेवला होता. त्यांनी चार्ज पाहिला, समाधानाने मान हलवली, आणि मला चोरासारखं वाटलं.

गेल्या उन्हाळ्यात फोनची पाठ फुगायला लागली. बॅटरी सुजली होती. पडद्याला आतून दाब बसला की फोन आपोआप बोलू लागे. साडू चहा पीत असत, आणि कोपऱ्यातून दादा एकदम म्हणत, "आटे बेचाळीस." त्या वेळी बेचाळीस आट्यांची मोटार दुकानात नसायची. साडू पेला खाली ठेवून "हा, दादा" म्हणत. आक्का दिवसादेखील आतल्या खोलीत एकट्या जाईनाशा झाल्या. मोबाईलवाला म्हणाला, बॅटरी बदलायची तर फोन बंद करावाच लागेल, नाहीतर एक दिवस तो पेट घेईल. साडूंनी ठरवलं की चालू फोनची बॅटरी आपण स्वतः बदलायची, बाहेरून वीज देत देत. ते जमलं असतं की नाही, मला माहीत नाही. पण त्याआधी झाकण निघायला हवं होतं, आणि झाकण डिंकाने चिकटवलेलं.

आणि इथे माझ्या साडूंनी ती चूक केली जी जगात फक्त मोटार भरणाराच करेल. मोटारीचं वार्निश वाळवायला त्यांच्याकडे पत्र्याची पेटी आहे, तिच्यात मोठमोठे बल्ब लावलेले असतात. डिंक सैल करायला हलकी ऊब हवी, तर याहून हलकी ऊब कुठली, असा त्यांचा हिशेब. दादांसमोर धरून त्यांनी फोन उघडला, वाळूची बादली जवळ ठेवली, फोन पेटीत आडवा ठेवला आणि दार लावलं. फोन फुटेल या भीतीने मी बाहेर पायरीवर उभा होतो. सकाळचे अकरा वाजले होते. पाचेक मिनिटांनी पेटीच्या आतून दादांचा आवाज आला. पत्र्यातून आल्यामुळे तो खूप खोल वाटत होता. दादा मोजत होते, कधीतरी एखादी मोटार त्यांनी मोठ्याने मोजली असणार. "अकरा. बारा. तेरा." साडू पेटीसमोर उकिडवे बसून ऐकत होते. "चवदा. पंधरा." पुढे काही आलं नाही. साडूंनी दार उघडलं. फोन फार तापल्यामुळे आपणहून बंद झाला होता, फोनात तशी सोयच असते म्हणे. गार झाल्यावर तो पुन्हा सुरू झाला आणि त्याने चार आकडे मागितले.

साडूंनी एकही आकडा टाकून पाहिला नाही. "अंदाजे अंदाजे दादानं दार ठोकाडू?" म्हणाले, आणि फोन रुमालात गुंडाळून फोटोखाली ठेवून दिला. मग ते खुर्चीत बसले ते उठेनात. जळालेल्या मोटारी येत राहिल्या, पायरीवरून रस्त्यावर गेल्या. आठ दिवस झाले. लोक आधी आदराने, मग काकुळतीने, मग तापून बोलू लागले, बागा माना टाकत होत्या. साडू एकच सांगत, "मोजनाराच ऱ्हायना नही. मी भरनारा शे." आक्कांनी मला नंदुरबारला फोन केला तेव्हा त्या रडत होत्या. माझ्या चोरीची मला तोवर इतकी लाज वाटायला लागली होती की मी आणखी दोन दिवस घालवले. मग एकदाचा साडूंना फोन लावला, काही न सांगता माझ्या फोनातलं एक बोलणं सुरू केलं, आणि दादांना त्यांच्या कानाशी बोलू दिलं. बोलणं संपलं.

"कधी लिधं?" त्यांनी विचारलं. पोळ्याच्या सुमारास, मी म्हणालो, आणि शिव्या खायला तयार झालो. "दादाना फोटोम्होरे धरं व्हतं?" हो म्हणालो. "तुम्हले उघाडी दिना?" हो. "माले काही सांगं नही दादानी," ते म्हणाले. "पन तुम्हले उघाडी दिना म्हंजे त्यानी मर्जी व्हती." ती बोलणी त्यांना पाठवून देतो म्हणालो, तर नको म्हणाले, तुमच्याचजवळ राहू द्या. दुसऱ्या दिवसापासून माझी नेमणूक झाली. शाळेत, बाजारात, दाढी करताना फोन येतो. साडू मोटार कोणाची ते सांगतात आणि म्हणतात, "दादाले इचारा." मी शोधून लावतो. दादा बोलतात. साडू "हा, दादा" म्हणतात आणि मला काही न म्हणता फोन ठेवतात. शिक्षकांच्या खोलीत आता याला कोणी हसत नाही, उलट दादांचा आवाज सुरू झाला की बोलणारे बोलायचे थांबतात.

परवा मधल्या सुट्टीत असाच फोन आला. तोरणमाळच्या बाजूच्या कोणाची तरी मोटार होती, पहिल्यांदाच दुकानात आलेली. मी वरपासून खालपर्यंत दोनदा शोधलं. "साडूभाऊ," मी म्हणालो, "हाई मोटर दादानी देखेलच नही." पलीकडे कटर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बरं. मंग मी मोजस. तुम्ही आयका. नि आते मन्हाच आवाज भरी ठेवा." आणि ते मोजू लागले, एक, दोन, तीन, हळूहळू, प्रत्येक तार बोटाने बाजूला सारत असावेत. आवाज इतका दादांसारखा होता की मी पडद्यावरचं नाव पुन्हा पाहिलं. आवाज साठवायचं बटण माझ्या अंगठ्याखालीच होतं. अंगठा त्याच्यावर नेला आणि तो दाबवेना. दादांची तीनेकशे बोलणी माझ्या फोनात आहेत आणि त्यांतल्या एकालाही दादा उत्तर देत नाहीत. या माणसाचा आवाज मला तसा नको आहे. काही विचारायचं झालं तर मी त्यांना फोन करीन, आणि ते उचलतील. सुट्टी संपली, मुलं वर्गात गेली, मी तिथेच बसून राहिलो. बासष्टला ते थांबले. "भराई गयं का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणून खोटं सांगितलं आणि बासष्टचा आकडा हजेरीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवला.